तांबड्या टेकडीवरचं तांबडं घर

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका, मोजणारे केव्हाच मातीत गेले.

एका राज्यात एक टेकडी होती. माती तांबडी, दगड तांबडे, पावसाळ्यात वाहणारं पाणीसुद्धा तांबडं. गाव खाली नदीकाठी होतं आणि टेकडीच्या कुशीत एकच घर होतं. त्या घरात येसू नावाची सून, तिचा नवरा आणि म्हातारा सासरा अशी तिघं राहायची.

सासू वारली होती, पण घर अजून तिच्याच हातचं दिसायचं. भिंती आणि ओटा नदीतल्या पांढऱ्या मातीनं सारवलेला. दाराभोवती, चुलीभोवती, ओट्याच्या कडेला आणि पायरीपायरीवर मात्र वीतभर रुंद तांबडा पट्टा, टेकडीवरच्या तांबड्या मातीचा, कावेचा. हे काही तिनं हौसेनं केलं नव्हतं. नवऱ्याच्या डोळ्यांवर पडदा चढायला लागला, तेव्हा केलं. म्हाताऱ्याला समोरच्या माणसाचं तोंड दिसायचं नाही, पण पांढऱ्यावरचं तांबडं दिसायचं. तेवढ्या जोरावर तो घरभर एकटा हिंडायचा. सकाळी उठून ओट्यावर उन्हाला बसायचा. कुणी हात धरा म्हणून हाक मारायची पाळी त्याच्यावर कधी आली नाही. म्हातारपणी एवढं मिळालं तरी पुष्कळ असतं.

येसू कामाला वाघीण होती. मन वाईट नव्हतं. पण माहेरी ती चौथी मुलगी, तिला जन्मात कुणी ‘छान’ म्हटलं नव्हतं. ज्याला लहानपणी कौतुक मिळत नाही, तो मोठेपणी त्यासाठी घर जाळायलाही तयार होतो.

त्या राज्याची एक रीत होती. दर बारा वर्षांनी राणी पालखीतून राज्य बघायला निघे. ज्या घरावर तिची नजर ठरे, तिथं पालखी थांबे आणि राणी त्या घरचं पाणी पिई. मग त्या घरच्या बाईला मरेपर्यंत मान. पाणवठ्यावर पहिली घागर तिची, लग्नात पहिली हळद तिच्या हातची.

त्या वर्षी आठ दिवसांत पालखी येणार अशी दवंडी झाली. येसू नदीवर धुणं घेऊन गेली, तर ठकू तिथं आधीच बसलेली. ठकूची जीभ म्हणजे विळा.

“काय गं येसू, तुझ्या घराला सुतक आहे का?”

“का गं? काय झालं?”

“नाही, बारा महिने आपलं पांढरंफटक! आणि त्यावर ते वीतभर तांबडं. जखमेला फडकं बांधल्यासारखं दिसतंय बाई. राणी बघेल आणि म्हणेल, चला लवकर, इथं कुणीतरी आजारी आहे.”

बाया खिदळल्या. येसूनं धुणं तसंच ओलं पिळून डोक्यावर घेतलं आणि घर गाठलं. रस्ताभर तिचे कान जळत होते.

दुसऱ्या दिवशी तिनं टेकडी खणून सात टोपल्या काव आणली. कुटली, चाळली, पाण्यात कालवली.

वासानंच म्हाताऱ्याला कळलं. “सूनबाई, पट्टे ताजे करतेस का?”

“पट्टे नाही मामंजी. सगळं घरच तांबडं करते. भिंती, ओटा, पायऱ्या, सगळं. कुंकवासारखं दिसलं पाहिजे.”

म्हाताऱ्यानं ओल्या कावेला बोट लावून बघितलं. मग म्हणाला, “सगळं तांबडं झालं, तर मला दार कसं सापडेल पोरी? भिंतीतनं दार वेगळं काढायला मला पांढरं लागतं.”

“आठच दिवस मामंजी! पालखी गेली की पुन्हा पहिल्यासारखं करून देते. बारा वर्षांतनं एकदा येते ती.”

“आणि मी रोज उठतो त्याचं काय?”

“मी आहे ना हाताला! हाक मारा.”

येसूचा नवरा मुळातच अबोल आणि बायकोपुढं नरम. त्यानं बापाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि बैल घेऊन शेतावर निघून गेला. अशी गप्प बसणारी माणसं स्वतःला भली समजतात. भली कसली!

तीन दिवस येसू राबली. नखांत काव, केसांत काव. चौथ्या दिवशी घर तांबडंभडक झालं आणि बातमी ऐकून खालच्या बाया वर बघायला आल्या. टेकडी चढून, धापा टाकत, अंगणात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा कुठं त्यांना घर दिसलं. ठकूसुद्धा आली.

“अगं बाई बाई! हे काय केलंस गं! नवरीच बसवलीस की ओट्यावर!”

येसू अंगणात उभी राहून ऐकत होती. आयुष्यभराची तहान अशी घटाघटा भागत होती.

त्याच वेळी आत म्हातारा उठला. त्यानं दार शोधलं. ते पूर्वी डोळ्यांनी सापडायचं, आज हातांनी चाचपावं लागलं. भिंत, भिंत, पुन्हा भिंत, मग चौकट. कसाबसा तो ओट्यावर आला आणि थांबला. समोर सगळं एकसारखं तांबडं. ओटा कुठं संपतो आणि अंगण कुठं सुरू होतं, काही कळेना.

“येसू, कड कुठं आहे गं?”

बाया बोलत होत्या. येसूनं मान वळवली, पण मन बायांकडंच होतं.

“या की सरळ मामंजी! समोरच तर आहे.”

ती पायरीबद्दल बोलत होती. पण म्हातारा पायरीसमोर उभा नव्हता. सूनबाईनं ‘या’ म्हटलं म्हणून त्यानं बिनघोर पाय टाकला. ओटा छातीएवढा उंच आणि खाली दगड. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या बायांनी ऐकला. हळूहळू एकेक करून त्या टेकडी उतरून गेल्या.

वैदूनं खुबा चाचपला आणि मान हलवली.

आठव्या दिवशी पालखी आली. येसू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिली. नदीपलीकडच्या वाटेनं भोई चालले होते. पालखी जरा रेंगाळली, मग पुढं गेली आणि वळणावरच्या एका कुंभारणीच्या खोपटापुढं थांबली. पांढरी भिंत, दाराभोवती काळ्या-तांबड्या चार रेघा, एवढंच होतं तिथं.

संध्याकाळी ठकू वर आली. आज तिच्या जिभेला धार नव्हती.

“येसू, मी पालखीच्या मागंच होते. राणीनं टेकडीकडं बघितलं. म्हणाली, इतकी सुंदर टेकडी आणि तिच्यावर एकही घर कसं नाही? पाटील म्हणाले, आहे सरकार, ते काय तिथं. राणीनं डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितलं. म्हणाली, मला तर नुसती मातीच दिसते.”

येसू आत गेली. तांब्यातलं पाणी तिनं म्हाताऱ्याच्या तोंडाला लावलं.

म्हाताऱ्यानं दोन घोट घेतले. “ऐकलं मी,” तो म्हणाला.

“मामंजी, माझं चुकलं.”

“चुकलंच. चुकलं नाही म्हणायला मी काय देव आहे? पण तांबड्याला नावं ठेवू नकोस. रंग चांगलाच आहे तो. तू त्याला टेकायला पांढरी भिंत ठेवली नाहीस. पाठ नसलेलं माणूस उभं राहत नाही, तसाच रंगही राहत नाही.”

“उद्याच पांढरी माती आणते. तुम्ही उठाल तेव्हा सगळं पहिल्यासारखं असेल.”

“आण,” म्हातारा म्हणाला. पण तो उठला नाही. विसाव्या दिवशी गेला. घरातून शेवटचं बाहेर जाताना त्याला दार शोधावं लागलं नाही. चौघांनी नेलं.

तेराव्यानंतर नवऱ्यानं नदीवरून माती आणली. एक अक्षर न बोलता त्यानं सगळं घर पांढरं केलं. येसूला ना रागावला, ना मारलं. ती म्हणे, बोल तरी काही. तो बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही फारसं नाही. माती सुकल्यावर येसूनं बोटं कावेत बुडवली आणि सासूसारखा वीतभर पट्टा काढला. दाराभोवती, चुलीभोवती, ओट्याच्या कडेला, पायरीपायरीवर.

मग ती अंगणात उतरली आणि मागं वळून बघितलं. तांबडं इतकं तांबडं तिनं कधी पाहिलं नव्हतं. नदीपलीकडून वाटसरू थांबून बघायला लागले. बाया खालून ओरडल्या, “येसू, काय उठून दिसतंय गं तुझं दार! लांबून दिसतं!”

येसूनं पदर तोंडात कोंबला आणि ओट्याच्या कडेला टेकून बसली. ज्याच्यासाठी ते दिसायला हवं होतं, तोच घरात नव्हता.

बोध: साध्या रंगाच्या आधाराशिवाय भडक रंग आंधळा, आणि घर रंगवताना वाटेवरच्यांचे नाहीत, आधी घरातल्यांचे डोळे बघावेत.