कतरीनची गोणी

हा जो बांध तुम्ही पाहताय, त्याला आमच्या माणखार गावात भाताचा बांध म्हणतात. अलीकडे शेतं, पलीकडे खाडी, आणि मधल्या या दहा-बारा हातांच्या तुकड्यावर दर पावसाळ्यात भात उगवतं. कोणी पेरत नाही, असं सांगतात. मी स्वतः एक-दोनदा ओंजळभर टाकून आलोय, पण ते आमच्या फादरना सांगू नका.

फार जुनी गोष्ट आहे. इथे बस्त्याव नावाचा शेतकरी होता आणि त्याच्या शेताला लागून जुझेचं शेत होतं. जुझे आमचा पूर्वज, त्यामुळे त्याची बाजू घ्यायचा मोह मला होतो, पण घेता येत नाही. पाण्याच्या रहाटाची पाळी कोणाची यावरून दोघांचं वाजलं आणि पुढे अकरा वर्षं एकमेकांशी एक अक्षरही बोलले नाहीत. रविवारी दोघेही देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पहिल्या रांगेत बसायचे, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला.

एका पावसाळ्यात बस्त्यावची सात वर्षांची कतरीन तापाने फणफणली. एकवीस दिवस ताप हटेना. तेव्हा बस्त्याव नवस बोलला, की पोर वाचली तर आगेऱ्याला, म्हणजे आमच्या नव्या भाताच्या सणाला, पहिल्या मळणीच्या तीन गोण्या मी स्वतः देवाच्या वेदीपाशी ठेवीन. ताप उतरला. पण नवस चुकला की दुखणं फिरून येतं, असं गावात सगळेच मानत. बस्त्याव तर जरा जास्तच.

आगेऱ्याच्या सकाळी घरची मंडळी पुढे गेली आणि बस्त्याव गोण्या घालून बैलगाडी हाकत याच बांधावरून निघाला. खाडीला उधाण होतं. पाहतो तर जुझेच्या शेताजवळ बांधाला भगदाड पडलेलं आणि खारं पाणी आत शिरतंय. जुझेचं बरंचसं भात अजून उभं होतं. शेतात खारं पाणी भरलं, की ते पीक तर जातंच, शिवाय पुढची दोन-तीन वर्षं जमीन काही देत नाही. आसपास चिटपाखरू नव्हतं, सगळं गाव मिस्सेला, देवळातल्या सणाच्या प्रार्थनेला, गेलेलं.

बस्त्यावने बैल हाकले, म्हणे, आणि थांबवले. पुन्हा हाकले, पुन्हा थांबवले. भगदाडात कोंबायला गाडीत एकच वस्तू होती. शेवटी तो रडत रडत खाली उतरला आणि देवाच्या तिन्ही गोण्या त्याने जुझेच्या बांधात घातल्या.

देवळात पोचला तेव्हा अर्पणाची मिरवणूक चालू होती. सगळ्यांत मोठी गोणी अर्थातच जुझेच्या खांद्यावर. चिखलाने माखलेला बस्त्याव दारातच उभा राहिला. तेव्हाच्या फादर लोरेन्सनी विचारलं, तुझा नवस कुठे आहे?

"फादर, देवाचं भात मी जुझेच्या बांधात घातलं. पाणी अजून झिरपतंय. माझ्या पोरीला काही होणार नाही ना?"

फादर म्हातारे होते आणि तोंडाचे फटकळ होते. ते म्हणाले, "देवावर प्रीती कर आणि शेजाऱ्यावर प्रीती कर, या दोन आज्ञा मी तीस वर्षं इथे ओरडून सांगतोय. तुझ्या एकेका गोणीत दोन्ही मावल्या. पोरीची काळजी सोड. चला सगळे, उरलेली मिस्सा बांधावर."

मग गावाने आपापलं अर्पण उचललं आणि भगदाडावर नेऊन रचलं. जुझे कमरेएवढ्या पाण्यात बस्त्यावच्या शेजारी उतरला. अकरा वर्षांनी त्याच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे: "पाय घट्ट रोव, घसरशील." हे ऐकून बस्त्याव पुन्हा रडला. जुझेही रडला असणार, पण आमच्या घरात ते कबूल करत नाहीत.

पुढच्या पावसात त्या गोण्यांमधलं भात बांधावरच उगवलं आणि त्याच्या मुळांनी माती धरून ठेवली. कतरीनला मात्र साधी शिंकही आली नाही. तरी बस्त्याव वर्षभर रोज तिचं कपाळ चाचपायचा. पुढच्या आगेऱ्याला दोघा शेजाऱ्यांनी मिळून एक गोणी बांबूच्या माचव्यावर, म्हणजे पालखीसारख्या उचलायच्या चौकटीवर, ठेवली, वर कतरीनला बसवलं आणि खांद्यावरून वेदीपर्यंत नेली. तिथे बस्त्याव मोठ्याने म्हणाला, "देवा, बघून घे. ठणठणीत आहे."

आजही आगेऱ्याला पहिली गोणी अशीच निघते. वर गावातली सात वर्षांची पोर बसते आणि माचव्याची दोन टोकं ज्यांचं आपसात बोलणं बंद आहे अशा दोघांच्या खांद्यावर देतात. असे दोघे शोधायला आम्हाला कधी अडचण आलेली नाही. देवळाला नऊ पायऱ्या आहेत. पावलं जुळली नाहीत तर पोर खाली येईल, म्हणून पहिल्या पायरीशी कोणीतरी एकाला म्हणावंच लागतं, "सावकाश, मी आहे."