ठकूआत्याचं गावकाम

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि सांगताना मला अजूनही संताप येतो. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी, कारण यातला गाढवपणा लहानांनी केलेला नाही.

डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. पायथ्याला चावडी आणि बाजार, आणि वर एकीवर एक पाच वाड्या. पायथ्याला ठकूआत्या नावाची सुईण राहायची. अर्ध्याहून अधिक गाव तिच्या हातावर जन्माला आलं होतं. कुठल्याही वाडीवरून बोलावणं आलं की आत्या हातातलं काम टाकून चढ चढायला लागायची आणि वाटेत खड्या आवाजात ओव्या म्हणायची. अडलेल्या बाईला आधी ओवी ऐकू यायची, आत्या मागून दिसायची. नुसत्या आवाजानेच तिला निम्मा धीर यायचा.

वय वाढलं तशी आत्या अंगाने सुटली. गुडघे कुरकुरू लागले. तिसऱ्या वाडीपाशी धाप लागायची आणि दगडावर टेकावं लागायचं. एकदा तिला पोचायला उशीर झाला आणि मूल तिच्याआधीच येऊन पडलं. त्या दिवशी आत्या घाबरली. ओढ्यापलीकडच्या गावात एक म्हातारा वैद्य होता, त्याच्याकडे ती आपण होऊन गेली.

वैद्याने नाडी पाहिली, गुडघे दाबून पाहिले. तो म्हणाला, “वजन उतरवायला हवं, पण सावकाश. दिवस मावळायच्या आत जेव. भाकरी नाचणीची खा, ताक पी, पालेभाजी भरपूर घे. रोज ओढ्यापर्यंत एक फेरी मार. उपाशी मात्र राहायचं नाही. झोप मोडू नकोस आणि जिवाला घोर लावून घेऊ नकोस. दोन पावसाळे जातील, जाऊ देत.”

आत्याला ते पटलं. ती खुशीत घरी आली आणि पाणवठ्यावर चार बायांना सगळं सांगून बसली. तिथेच घोटाळा झाला.

या गावाची एक रीत होती. कुणाचं घर शाकारायचं असो, विहीर उपसायची असो, लग्न असो, सारं गाव मिळून ते काम करायचं. त्याला ते गावकाम म्हणत. गावकाम ठरलं की चावडीवर हलगी वाजायची आणि घरटी एक माणूस कामाला लागायचा. चांगली रीत होती, मी नाही म्हणत नाही. पण छप्पर आणि माणूस यांतला फरक या शहाण्यांना कळू नये?

पाटलाने चावडीवर सांगितलं, “आत्यानं आपल्यासाठी जल्मभर चढ चढला. आता तिचं वजन उतरवणं हे आपलं गावकाम!” सगळ्यांनी माना डोलावल्या. हलगी वाजली. आत्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मग कामाच्या पाळ्या लागल्या. एका घराने तिच्या चुलीवर लक्ष ठेवायचं. एकाने तिच्या फेरीत मागून चालायचं. आणि दर बाजाराच्या दिवशी, गुळाच्या ढेपा ज्या काट्यावर तोलत, त्याच्या पारड्यात आत्याला बसवायचं. वजन उतरलं तर हलगी. वाढलं तर गावाचा उपदेश, आणि तो फुकट असल्यामुळे सगळेच सढळ हाताने द्यायचे.

पहिल्यांदा आत्या हसली. “अरे, मी काय गुळाची ढेप हाय का?” लोकही हसले. तिला पारड्यात बसवताना चौघांनी उगाच कण्हून दाखवलं आणि बाजार पोट धरून हसला. आत्याही हसली, कारण सगळे हसत असताना दुसरं करायचं काय?

एका बारशाला तिच्या पानात पुरणपोळी पडली. यजमानीणबाईने सगळ्या पंगतीसमोर ती उचलून घेतली. “आत्या, तुझ्याच भल्याचं हाय गं.” ज्या बाळाचं बारसं होतं ते तीन प्रहर झगडून आत्याने जगात आणलं होतं. मला विचाराल तर त्या बाईच्या हातातली पोळी तिच्याच डोक्यावर थापायला हवी होती. आत्या पान तसंच ठेवून उठली.

तेव्हापासून ती बदलली. बाजाराच्या आदल्या दिवशी अन्न बंद, बाजाराच्या दिवशी पाणीही बंद. तोलून आली की भरदुपारी दार लावायची, धान्याच्या कणगीमागे बसायची आणि हाताला लागेल ते तोंडात कोंबायची. गूळ, शिळी भाकरी, कच्चे शेंगदाणे. मग स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायची आणि रडायची. वैद्याने सांगितलेली फेरी बंद झाली, कारण फेरीत मागे माणूस असायचा. पाणवठा सुटला. झोप उडाली. ओव्या कधी थांबल्या ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

काटा मात्र खाली येत होता आणि गाव खूश होतं. पाटलाने चावडीवर तिला मानाचं लुगडं दिलं. “बघा, गावानं मनावर घेतलं की काय होतं!” लुगडं घेताना आत्याचे हात कापत होते. लोक म्हणाले, आनंदाने कापतात.

त्याच पाटलाच्या सुनेचे दिवस भरले. पाटलाचं घर सगळ्यांत वरच्या, पाचव्या वाडीत. ऐन बाजाराच्या दिवशी, आत्या काट्यावर जायच्या आधी, सकाळीच कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, आणि मूल आडवं. पाटलाचा मुलगा धावत खाली आला आणि आत्याच्या दारावर थापा मारू लागला.

“आत्या, चल लौकर!”

आतून आवाज आला, “येते रे बाबा, येते काट्यावर. जरा दम धर. आज न्हाई उतरलं तर बोल लावू नका मला.”

“काट्यावर न्हाई गं! माजी बायको अडलीया!”

दार उघडलं. पोराने जन्मापासून पाहिलेली आत्या ही नव्हती. गाल बसलेले, ओठ कोरडे, डोळ्यांत भीती. तरी ती निघाली. चावडीसमोरून जाताना तिला पाहून हलगीवाल्याने सवयीने हलगी वाजवली. आत्या मान खाली घालून तशीच चढ चढू लागली. दुसऱ्या वाडीपाशी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती वाटेतच कोसळली. पूर्वी भरल्या अंगाने ती निदान तिसरीपर्यंत तरी पोचायची.

चार गड्यांनी बाज आणली आणि तिला उचलून वर नेलं. तिला बसता येईना, हात स्थिर राहीनात. सुईण तिथे होती, पण तिचे हात गेले होते. मग आत्या बाजेवर पडल्या पडल्या पाटलिणीला सांगू लागली. “हात कोपरापर्यंत धू. तेल लाव. आता पोटावर हात ठेव, डोकं कुठं लागतंय सांग. हळू! हळू म्हंते ना!” पाटलीण रडत होती, सून किंचाळत होती. पोटावरून मूल फिरवता फिरवता सूर्य कलला. शेवटी मूल आलं ते निळं आणि मुकं. “पालथं घाल. पाठ चोळ. थांबू नको, चोळ!” बऱ्याच वेळाने ते बाळ रडलं.

बाहेर पाटलाने कपाळाचा घाम पुसला. दार उघडलं तसा तो आत डोकावून काय म्हणाला, ऐका. “आत्या, बरं झालं तुझं वजन उतरलं हुतं. न्हाईतर गड्यांना बाज उचलली नसती.”

माणूस इतका ठार आंधळा असू शकतो.

सुनेला तपासायला वैद्याला बोलावलं होतं. तिला पाहून झाल्यावर तो आत्याच्या बाजेपाशी बसला आणि त्याने विचारलं, “झोप लागते का गं?” वर्षभरात हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आत्या ढसाढसा रडली आणि कणगीमागचं सगळं सांगून मोकळी झाली.

वैद्य उठून पाटलासमोर उभा राहिला. “मी हिला भाकरी सांगितली होती, झोप सांगितली होती. काटा मी कुठे सांगितला होता? उपासाने अन् धास्तीने हिचे हात घालवलेत तुम्ही.”

“आम्ही तिच्या भल्यासाठीच…”

“गप बसा, पाटील!” हे आत्या बोलली. ती बाजेवर कशीबशी उठून बसली होती. “मी तुमच्या घरात येते तवा पयलं दार लावून घेते. बाहेरच्या गड्यांना हाकलते. बाईचं अंग कुणाच्या नजरेला पडू देत न्हाई. तुमच्या आयांची, बायकांची लाज मी झाकली, आन कुणाकडं कंदी एक शब्द बोलले न्हाई. आन तुमी मला चावडीवर टांगलीत!”



आत्या त्या गावात राहिली नाही. ती ओढ्यापलीकडे वैद्याच्या गावी गेली आणि तिथेच घर केलं. मग या गावाच्या अडलेल्या बायांना बाजेवर पडून ओढा ओलांडावा लागायचा, उन्हापावसात, कळा देत. पुढच्या वर्षी पाटील हात जोडून आला. म्हणाला, काटा मोडून टाकला, आत्या, परत चल.

“पोटुशी बाई आणा, मी तिचं सगळं करीन,” आत्या म्हणाली. “ऱ्हायला यायची न्हाई. तितं माजा घास घशाखाली उतरत न्हाई.”

पाटील मान खाली घालून परत गेला. आत्या नव्या गावात दिवस मावळायच्या आत जेवायची, एकटीच ओढ्यापर्यंत फिरून यायची आणि रात्री गाढ झोपायची. हातांचं कापणं थांबायला मात्र सहा महिने लागले. शेवटी तिचं वजन किती झालं, असं कुणी ना कुणी मला विचारतंच. मला माहीत नाही, तिलाही माहीत नव्हतं, आणि तुम्हीही पुन्हा विचारू नका.

बोध एवढाच: ज्याचं शरीर सुधारायला निघालात त्याचं मन मोडलंत, तर शरीरही हाती लागत नाही आणि माणूसही.