भोपळ्यात न मावलेला सूर

मुलांनो, ही गोष्ट फार फार जुनी आहे. तुमच्या आजोबांनाही बोलवा, त्यांनी ऐकायला हरकत नाही.

एका खाडीकाठी कोळ्यांचं गाव होतं. खाडीच्या तोंडाशी खडक होते आणि हिवाळ्यात पहाटे असं धुकं पडायचं की स्वतःचा हात दिसू नये. अशा वेळी गावातली एक बाई धक्क्यावर उभी राहून गायची. तिच्या आवाजाच्या रोखाने होड्या सुखरूप घरी यायच्या. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती पोटातून खर्ज लावायची. तो खोल सूर पाण्यावरून लांबवर जायचा.

एकदा एक व्यापारी आला. त्याच्याकडे जादूचे भोपळे होते. भोपळ्यात गाऊन बूच लावलं की गाणं आत राही, बूच काढलं की वाजू लागे. एका भोपळ्यावरून हवे तितके भोपळे भरता येत.

"बाई, तुझं गाणं घरोघरी जाईल," तो म्हणाला. बाईला आनंद झाला. का होऊ नये? तिने जीव ओतून गायलं.

मग व्यापाऱ्याने भोपळे लहान केले, कारण लहान भोपळे जास्त खपतात. त्यात खर्ज मावेना, तेव्हा तो खुशाल छाटून टाकला. "कुणाला कळतंय?" तो म्हणाला. आणि खरंच कुणाला कळलं नाही, याचाच मला राग येतो! दारोदारी, होडीहोडीत तेच गाणं दिवसभर वाजू लागलं. बाईकडे शिकायला येणाऱ्या पोरी येईनाशा झाल्या.

शेवटी व्यापारी राजाची मोहोर घेऊन आला. "या गाण्याचा मक्ता आता माझा. तू फुकट गायलीस तर माझे भोपळे कोण घेईल? भोपळ्यातलं काही तुझ्या तोंडून निघता कामा नये."

बाईचा नवरा गावचा तांडेल, सगळ्या होड्यांचा म्होरक्या. तो म्हणाला, "अगं, बरंच झालं. आता थंडीत कुडकुडायला नको. धक्क्यावर भोपळा टांगू."

त्या दिवशी बाई खूप रडली. पण दुसऱ्या पहाटे ती धक्क्यावर हजर होती. व्यापाऱ्याचा माणूस धावत आला. ती म्हणाली, "भोपळ्यातलं नाही गाणार. पण तुम्ही जे छाटून टाकलंत, ते माझंच आहे." आणि तिने नुसता खर्ज लावला.

लोक हसले. नवराही हसला. ती रोज येत राहिली.

मग एका पहाटे दाट धुकं पडलं. होड्या परतत होत्या. तांडेलाच्या होडीत व्यापारीही होता. धक्क्यावरच्या भोपळ्याचा बारीक आवाज वाटेतच विरत होता आणि शेजारच्या होडीतला भोपळा अगदी धक्क्यावरच्यासारखा वाजत होता. "गाव डावीकडे!" "नाही, उजवीकडे!" होडीचा तळ खडकाला घासला. व्यापाऱ्याने होडीचा काठ घट्ट धरला.

"बुचं लावा!" तांडेल ओरडला. "सगळ्या भोपळ्यांना बुचं लावा!"

सगळं शांत झालं. आणि लांबून, पाण्यावरून, तो खोल सूर आला.

"ही तर आमची घरची!" तांडेल म्हणाला. "मारा वल्ही तिकडे!"

सगळ्या होड्या धक्क्याला लागल्या. उतरताच व्यापारी म्हणाला, "बाई, हा सूरही मला दे. मोठे भोपळे आणतो."

तांडेलाने धक्क्यावरचा भोपळा काढून त्याच्या हातात ठेवला. "शेटजी, तिचं गाणं तिला परत करा. नाहीतर आमच्या होड्यांतून तुमचा माल जायचा नाही." होड्यांवाचून त्या गावाला वाट नव्हती. व्यापाऱ्याने मुकाट्याने मक्ता सोडला.

मग तांडेल मान खाली घालून बायकोपुढे उभा राहिला. "चुकलो," तो म्हणाला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "उद्यापासून पहाटे माझी घोंगडी तुम्ही आणून द्यायची."

आणि तिने गाणं पहिल्या कडव्यापासून, खर्जासकट, म्हणायला घेतलं.

तात्पर्य: गाणं जपायचं असेल तर आधी गाणाऱ्याला जपावं.