खिशातून वाहणारे पाणी

एकदा एका शिष्येने आपल्या गुरूला न विचारता एका यंत्राला गप्प बसायला शिकवले, आणि तिला वाटले, आपण मोठे पुण्यकर्म केले.

शिष्येचे नाव शलाका. गुरू म्हणजे जटा वाढवून झाडाखाली बसलेले कुणी ऋषी नव्हेत. औद्योगिक वसाहतीच्या अगदी टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये, रुग्णालयातल्या यंत्रांचे सुटे भाग बनवणारे ते एक वृद्ध कारागीर होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शलाका इंजिनियर झाल्यापासून सहा वर्षे त्यांच्या हाताखाली काम करत होती. ती हुशार होती आणि आपण हुशार आहोत हे तिला पक्के ठाऊक होते. यात गैर काही नाही. गैर पुढे झाले.

त्या शेडमध्ये एक सेन्सर बनत असे, भुईमुगाच्या शेंगेएवढा. डायलिसिसच्या यंत्रातून शुद्ध झालेले रक्त ज्या नळीने रुग्णाच्या अंगात परत जाते, त्या नळीला तो चिमट्यासारखा बसवायचा. नळीच्या एका बाजूने तो आवाज सोडतो, आपल्या कानांना ऐकू न येणारा, फार बारीक आवाज. आणि दुसऱ्या बाजूने तोच आवाज ऐकतो. नळीत रक्त किंवा पाणी भरलेले असेल तर आवाज आरपार पोहोचतो. मध्ये हवेचा बुडबुडा आला की आवाज अडतो. अडला की सेन्सरला जोडलेल्या पेटीवरचा हिरवा दिवा जाऊन लाल लागतो, भोंगा वाजतो आणि यंत्र थांबते. ही हवा रक्तात गेली तर माणूस दगावू शकतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

पण हा सेन्सर उगाचच वाजतो, अशी ओरड होती. रुग्णाने कूस बदलली, नळी खाचेतून जराशी सरकली, की आवाज पोहोचेना आणि भोंगा सुरू. दिवसातून वीस वीस वेळा. डायलिसिस केंद्रातल्या सिस्टर्सच्या अगदी नाकीनऊ आले होते. शलाकाने महिनाभर संगणकासमोर बैठक मारली आणि तोड काढली. तिचा हिशेब सरळ होता: आवाज क्षणभर गेला आणि परत आला, तर तो बुडबुडा, लाल दिवा. आवाज गेला तो गेलाच, तर नळी सरकली असणार. अशा वेळी सेन्सरने शेवटचे जे नीट ऐकले होते तेच धरून बसावे, हिरवा दिवा तसाच ठेवावा आणि कुणाला त्रास देऊ नये.

आता मास्तरांच्या शेडची एक रीत सांगायला हवी. नव्या वस्तूची शेवटची तपासणी मास्तर स्वतः करत, आणि ती घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांदेखत करत. वस्तू बनवणाऱ्याने त्या वेळी हात मागे बांधून उभे राहायचे. बोलायचे तर बोलावे, हात लावायचा नाही. मास्तर काय करणार हे आधी विचारायचेही नाही. या खेपेला शलाकाच्या दृष्टीने त्या तपासणीला फारच मोल होते. मास्तरांचा हात अलीकडे थरथरू लागला होता आणि त्यांनी तिला सांगून ठेवले होते, "हे काम तुझ्या एकटीचं. आजवर जे शिकलीस ते यात दिसलं, तर या टेबलामागची खुर्ची तुझी."

व्यापारी आला. गोलमटोल, हसतमुख, तीन जिल्ह्यांतल्या केंद्रांना यंत्रे पुरवणारा गृहस्थ. टेबलावर काचेचे भांडे होते, पाण्याने भरलेले; एक छोटा पंप ते पाणी नळीतून खेळवत होता; नळीला शलाकाचा सेन्सर बसवलेला होता. मास्तरांनी सुईने नळीत एक बुडबुडा सोडला. लाल दिवा. मोहरीएवढा सोडला. लाल दिवा. मग खसखशीएवढा, जो व्यापाऱ्याला चष्मा लावूनही दिसला नाही. तरी लाल दिवा.

"वा," व्यापारी म्हणाला. "आणि विनाकारण वाजत नाही ना? सिस्टर लोक मला फोनवरून फाडून खातात हो."

"नळी हलवून बघा हवी तर," शलाका म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

मास्तरांनी नळी हलवली नाही. त्यांनी सेन्सर नळीवरून अलगद काढला, आपल्या सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला आणि खुर्चीला टेकून ते स्वस्थ बसून राहिले.

पेटीवरचा दिवा हिरवाच होता. भोंगा गप्प. व्यापाऱ्याला वाटले, म्हाताऱ्याचे डोके फिरले की काय. तो हळूच म्हणाला, "मास्तर, झाली का तपासणी?"

"चालू आहे," मास्तर म्हणाले.

शलाकाला मात्र मनातून गुदगुल्या होत होत्या. "हेच तर मी केलंय," ती व्यापाऱ्याला म्हणाली. "जुना असता तर आता शेड डोक्यावर घेतली असती. हा उगाच ओरडत नाही."

"पोरी," मास्तरांनी विचारले, "हिरव्या दिव्याचा अर्थ काय?"

"सेन्सरसमोर नळी भरलेली आहे. पाणी नीट वाहतंय. त्यात हवा नाही."

मास्तरांनी खिशावर बोट ठेवले. "म्हणजे माझ्या खिशातून पाणी नीट वाहतंय."

व्यापारी खो खो हसला. शलाकाही हसायला गेली, पण ते हसू तिच्या ओठांवरच विरले. नळी जरा सरकणे निराळे आणि सेन्सर खिशात जाणे निराळे, असे ती म्हणणार होती. पण तोंड उघडण्याआधीच तिच्या मनात दुसरेच काही आले आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले.

तिने रीत मोडली. मागे बांधलेले हात सोडून ती पुढे आली, मास्तरांच्या खिशातून सेन्सर काढला, पुन्हा नळीला बसवला. दिवा हिरवा. मग तिने पाण्यात बुडालेले नळीचे तोंड बाहेर काढून धरले. पंप हवा ओढू लागला. बघता बघता सगळी नळी कोरडी झाली. दुसऱ्या टोकाला पाण्यात भदाभदा बुडबुडे उठू लागले.

दिवा हिरवाच.

खसखशीएवढा बुडबुडा पकडणाऱ्या सेन्सरने नळीभर हवा बिनबोभाट जाऊ दिली होती. आवाज गेला तो गेलाच, म्हणून त्याने समजून घेतले, नळी सरकली असणार. तिनेच तर शिकवले होते तसे. केंद्रात हेच टोक पाण्याच्या भांड्याऐवजी कुणाच्या तरी दंडात असते. शलाकाने पंप बंद केला आणि ती आपल्या स्टुलावर बसली. तिला स्वतःची फार लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली.

मास्तर तिला रागावले नाहीत. ते म्हणाले, "त्याने खोटं काही सांगितलं नाही. शेवटचं जे ऐकू आलं तेच तो घोकत बसला. पण त्याला ऐकू येईनासं झालं, ही बातमी तू त्याच्या तोंडून काढून घेतलीस. 'हवा नाही' असं म्हणणं आणि 'हवा आहे की नाही ते मला कळत नाही' असं म्हणणं, या दोहोंमध्ये एका माणसाचा जीव मावतो. कळत असताना सांगणं सोपं आहे, ते कुणीही करेल. कळेनासं झालं, हे ज्याला वेळेवर सांगता येतं, त्याच्याच भरवशावर आपण निर्धास्त झोपतो. त्याला दोन वेगळे आवाज दे, शलाका. एक हवेचा. दुसरा, मला ऐकू येत नाही, इकडे येऊन बघा, याचा. यंत्र मात्र दोन्ही वेळा थांबलंच पाहिजे."

"मग ते पुन्हा वीसदा वाजेल," शलाका म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण प्रश्न खरा होता. "सिस्टर्स तरी काय करतील? वैतागून भोंगाच बंद करून टाकतील."

"टाकतील. त्यांचं काही चुकत नाही. पण ती नळी मुळात सरकतेच कशामुळे?"

शलाकाने सेन्सर उचलून त्याची खाच निरखली. महिनाभर तिने आवाजाचे आलेख पाहिले होते. खाच पाहिली नव्हती. केंद्रात जाऊन एकदाही रुग्णाशेजारी बसली नव्हती.

व्यापाऱ्याचे हसू आता मावळले होते. तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "ताई, ते सगळं खरं, पण माझी माणसं थांबलीत. पंधरा दिवसांत होईल का? का महिना लागेल? एक काय ते सांगून टाका."

उत्तर जिभेवर तयार होते. सहा वर्षांत तिने असे प्रश्न क्षणात निकालात काढले होते. महिना म्हटले असते तर व्यापारी राजी झाला असता, आणि मास्तरांच्या नजरेत थोडी तरी पत उरली असती. तिने एकदा मास्तरांकडे पाहिले. ते टेबलावर सांडलेले पाणी फडक्याने टिपत होते.

"मला माहीत नाही," शलाका म्हणाली. "नळी का सरकते तेच मला अजून माहीत नाही. आधी तुमच्या केंद्रात चार दिवस बसते, सिस्टर्सना विचारते. मग तारीख सांगते. आज सांगितली तर ती मनानेच ठरवलेली असेल."

व्यापारी खुर्चीतून उठला. "या मग सोमवारी," तो म्हणाला. "तोवर जुनेच वाजू देत. सिस्टर्सना मी तोंड देतो."

तो गेल्यावर शलाका भांड्यातले पाणी ओतून द्यायला उठली. परत आली तेव्हा मास्तर तिच्या स्टुलावर बसलेले होते. टेबलामागची खुर्ची रिकामी होती.

"मास्तर, आज तर मी नापास झाले," ती म्हणाली.

"सेन्सर नापास झाला," मास्तर म्हणाले. "बस."