गिरकी घेणारा गोटा

धरती बर्फाची गोधडी पांघरून झोपायची, त्या काळची ही गोष्ट. एकदा बर्फाचा बांध फुटला. पुरासोबत उड्या मारत आलेला एक गोटा काळ्या कातळाच्या खळीत अडकला आणि भोवऱ्यात गरगर फिरू लागला.

"अरे लेका, थांब! माझ्या पोटाला भोक पडेल आणि तूही झिजशील!" कातळ ओरडला.

"झिजू द्या हो, आजोबा! काय मज्जा येतेय!" गोटा खिदळला.

पुरामागून पूर आले. अखेर बर्फ संपला, रान तापलं. कातळाच्या पोटात मात्र रांजणभर गार पाणी उरलं होतं. हरणं, पाखरं त्यावर तुटून पडली.

"बघा, माझा रांजण!" कातळ ऐटीत म्हणाला.

तळाशी वाटाण्याएवढा उरलेला गोटा अधीर होऊन विचारत होता, "आजोबा, पुढचा पूर कधी हो?"