टिटवीची हाक

एका जंगलात, पाणवठ्याशेजारच्या उघड्या माळावर एक टिटवी राहायची. अगदी एकटी. मुलांनो, टिटवीचं ओरडणं अपशकुनी असतं, असं त्या जंगलातही सगळे मानत. ती दिसली की हरणं वाट बदलत, माकडं वरून काटक्या फेकत. बिचारीने दगडगोट्यांत चार अंडी घातली होती, त्यांच्याशीच ती बोलत बसे. ऊन चढलं की पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवायची आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसायचं, हा तिचा नेम. नाहीतर तापलेल्या जमिनीवर अंडी करपलीच असती.

त्या उन्हाळ्यात पाणी फार आटलं. वाघराजाने हुकूम काढला, "पाणी प्या, पण त्यात कुणी लोळायचं नाही." पहाऱ्याला कोल्हा बसवला. आठ दिवसांत कोल्ह्याची चंगळ सुरू झाली. रानडुकरं त्याला गोड कंद आणून देत आणि खुशाल पाण्यात लोळत. मधाचा व्यापार करणाऱ्या मधमाश्यांना पोळं गार ठेवायला पाणी लागे. कोल्हा फुकट पाणी नेऊ देत नसे, म्हणून त्याही रोज थोडा मध मुकाट्याने त्याच्यापुढे ठेवत.

टिटवी हे सगळं बघत होती. ती जिवाच्या आकांताने ओरडली. "झाली हिची किरकिर सुरू!" हरणं म्हणाली. ती वाघाकडे गेली, तर तो म्हणाला, "तुझ्याशिवाय एकाचीही तक्रार नाही," आणि कूस बदलून झोपला. मधमाश्या म्हणाल्या, "धंदा करायचा तर एवढं द्यावंच लागतं, बाई. आम्ही एकट्यांनी बंद केलं, तर आमचंच पोळं वितळेल."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कोल्ह्याने तिला अडवलं. "राजाकडे गेली होतीस ना? आता पाणी हवं तर एक अंडं दे."

"पिल्लू आहे हो त्यात!"

"मग चारही करपू देत."

टिटवी परतून अंड्यांपुढे बराच वेळ उन्हात उभी राहिली. शेवटी ती बाजूला झाली. कोल्ह्याने एक अंडं उचललं. तिने पोट भिजवलं आणि उरलेल्या तीन अंड्यांवर जाऊन बसली. त्या दिवशी ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एवढ्या मोठ्या जंगलात आपलं कुणी नाही, हे तिला पुरतं कळून चुकलं होतं.

तिसऱ्या दिवशी एक हरिणी माळावर आली. "टिटवीताई, तू गप्प का झालीस?"

"ऐकणारं कोण आहे?"

"मी ऐकत होते गं. रोज ऐकायचे आणि मान खाली घालून निघून जायचे. आता पाण्यात नुसता चिखल उरलाय. माझं पाडस तहानेनं उठत नाही." मग तिला अंड्यांशेजारचा रिकामा खळगा दिसला आणि ती तशीच मधमाश्यांकडे गेली. "आमचा कळप सोबत येतो. तुम्ही काय काय दिलंत, ते राजाला सांगाल?"

मधमाश्या कितीतरी वेळ आपसात गुणगुणल्या. "सगळे असाल, तर सांगू."

त्या दिवशी वाघापुढे टिटवीने पाहिलेलं सांगितलं, मधमाश्यांनी दिलेलं कबूल केलं आणि सारा कळप पाठीशी उभा राहिला. वाघाने मान खाली घातली. "तू एकटी आलीस तेव्हा मी ऐकलं नाही. चूक माझी." त्याने कोल्ह्याला हाकलून दिलं.

"पण नवा पहारेकरीही मागेल," मधमाश्या म्हणाल्या.

"मागेल," वाघ म्हणाला. "तेव्हा तुम्ही द्यायचं नाही, हरणांनी पाळीपाळीने लक्ष ठेवायचं आणि टिटवीने हाक दिली की मी यायचं."

चार दिवसांनी रानडुकरं नव्या पहारेकऱ्यासाठी कंद घेऊन पुन्हा आली. टिटवीच्या मनात आलं, येईल का कुणी? तिने हाक दिली. मग एकीकडून खुरांचा आवाज आला, वरून मधमाश्यांची गुणगुण आणि मागोमाग वाघाची डरकाळी. डुकरं कंद टाकून पळाली.

टिटवीची नजर त्या रिकाम्या खळग्याकडे गेली आणि तिला रडू कोसळलं. पण आज हरिणी तिच्याजवळ उभी होती.

तात्पर्य : लाचखोरीविरुद्ध एकट्याने दिलेली हाक विरून जाते; राजा, व्यापारी आणि प्रजा तिघेही त्या हाकेला धावले, तरच लाचखोरी थांबते. आणि धावायला जितका उशीर, तितकं कुणाचं तरी नुकसान भरून न येणारं.