अर्ध्या मुखाची शिळा

“हात काढ त्या दगडावरचा! देवी आहे ती!” दाजीसाहेब ओरडले, तरी तान्हाबाई वाळू टाकून घासतच राहिली, असं सांगतात.

आमच्या खडपेवाडीच्या शिळाप्रेसच्या दारात ही अर्ध्या मुखाची देवी उभी आहे, ती त्या दिवसापासून. पाहुणे विचारतात, कुणी शत्रूनं विटंबना केली का? शत्रू कसला! आमच्याच बाईनं घासली.

शिळाप्रेसचं काम असं. गुळगुळीत दगडावर मेणट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करून शाई फिरवायची. शाई धरते ती खडूलाच. मग वर कागद ठेवून दाबायचा. चित्र दगडावर उलटं काढावं, तेव्हा कागदावर सुलटं उतरतं. छापून झालं की वाळूपाण्यानं घासून दगड पुन्हा कोरा. हे घासणं तान्हाबाईचं. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं तिनं, पण दगडावरचं उलटं चित्र तिच्यासारखं कुणाला वाचता येत नसे.

त्या साली मालक दाजीसाहेबांच्या पदरचा विसू चितारी देवीच्या रूपात असा रंगला म्हणे, की दीड महिना खपून त्यानं ती दगडावर सुलटीच काढली. येणारे-जाणारे दगडालाच हात जोडू लागले! पहिला छाप निघाला आणि तान्हाबाईनं बोट ठेवलं: नथ उजव्या नाकपुडीत, आशीर्वाद डाव्या हाताचा.

दाजीसाहेब म्हणाले, “नवरात्र तोंडावर आलंय. काढा हजार छाप. नथ कोण बघत बसतंय?”

“बायका बघतात,” ती म्हणाली, आणि मूठभर वाळू घेऊन दगडाशी बसली.

अर्धं मुख गेलं तेव्हा मालकांनी तिचं मनगट धरलं. “देवी पुसतेस, बये? उद्यापासून या दारात पाय ठेवायचा नाही!” देवीचं पाप आणि पोटाची भाकरी, दोन्ही तिच्या त्या एका मनगटावर आलेलं.

आजही आमच्याकडे कुठल्याही चित्राचा पहिला छाप मालकाच्या हाती जात नाही, चिताऱ्याच्या तर नाहीच. तो दगड घासणारीच्या हाती जातो. तिनं मान डोलावली तर पुढचा कागद, नाही तर वाळू. आणि वाळूची पहिली मूठ टाकताना ती तान्हाबाईचंच वाक्य म्हणते. त्या दिवशी ते ऐकून दाजीसाहेबांनी मनगट सोडलं, हा दगड तसाच दारात उभा करवला आणि चिताऱ्यापुढे कोरा दगड ठेवला:

“मालक, दगड मला घासता येतो. हजार घरांत जाऊन बसलेली देवी कुणी घासायची?”